खोली परत द्या, उपचारही द्या: माजी सैनिकांच्या व्यसनाबद्दल खुले पत्र

प्रति,
नागपूर जिल्ह्यात माजी सैनिकांच्या कल्याणाचं काम पाहणारे सर्व अधिकारी, त्यांच्या आरोग्य योजनेचे आणि कॅन्टीनचे व्यवस्थापक, तसेच माजी सैनिक संघटनांचे पदाधिकारी यांस,

जय हिंद.

गेल्या महिन्यात आमची बुधवारची बैठक बंद पाडण्यात आली. दारूचं किंवा गोळ्यांचं व्यसन सोडलेले आणि सोडू पाहणारे दहा-बारा माजी सैनिक संध्याकाळी तासभर एका खोलीत बसायचे. बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही बायका बसायचो. खोली माजी सैनिकांसाठीच बांधलेल्या एका इमारतीतली. त्या वेळी ती रिकामीच असते. चहासुद्धा आम्ही घरून थर्मासमध्ये न्यायचो. एक दिवस फोन आला की पुढच्या बुधवारपासून येऊ नका. लेखी काही नाही. कारण विचारलं तर सांगण्यात आलं, "इथे पाहुणे येतात, मुलं येतात. माजी सैनिक दारुडे असतात असा समज होतो. फौजेची बदनामी होते."

हे पत्र मी त्या उत्तरासाठी लिहिते आहे.

त्या खोलीत बसणारा प्रत्येक माणूस त्या संध्याकाळी न पिता आलेला असायचा. पिऊन आलेल्याला बाहेर बसवून, लिंबूपाणी देऊन, कोणीतरी घरी पोचवून यायचं. ज्यांच्यामुळे बदनामी होते असं तुम्हाला वाटतं, ते त्या वेळी दुसरीकडे असतात. कामठी रोडच्या दारूच्या दुकानाबाहेर, बंद शटरच्या पायरीवर, नाहीतर घरात, दार लावून. त्यांना त्या खोलीपर्यंत आणायचं काम आमचं चाललं होतं, आणि तेच थांबवलं गेलं.

मी एका माजी हवालदाराची बायको आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डिसेंबर आला की वर्गात ध्वजदिन निधीचे पैसे गोळा करते. मुलं दहा-वीस रुपये आणतात. मी त्यांना सांगते की हे पैसे सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कल्याणासाठी जातात. ते मुलांना सांगताना माझा त्यावर विश्वास असतो, म्हणूनच तुम्हाला विचारायचा हक्क मला आहे असं मी मानते.

आमचे हे पायदळात होते. चाळिशीच्या आतच पेन्शनवर घरी आले. पलटणीत पीत नव्हते असं नाही. बडा खान्याला, म्हणजे पलटणीच्या सामूहिक जेवणाला, थंडीच्या पोस्टिंगला, सगळ्यांसारखी रम असायचीच. पण तिथे पहाटेची पीटी होती, रोल कॉल होता, वर सुबेदार साहेबांची नजर होती. घरी आल्यावर यातलं काहीच राहिलं नाही. वीस वर्षं घड्याळावर चाललेल्या माणसाला सकाळी सहा वाजता उठून करायचं काय हेच कळत नव्हतं. मग एका सोसायटीत सिक्युरिटीची नोकरी लागली, बारा तासांची रात्रपाळी. दिवसा झोप येईना म्हणून दुपारी घोट, पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी गोळ्या, आणि रात्री ड्यूटीवर जायच्या आधी पुन्हा घोट. रागावून, रडून, मुलांची शपथ घालून झालं. शेवटी एका गुरुवारी त्यांनी स्वतःच बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, आजपासून बंद.

आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की कप धरवेना. घामाने बनियन ओलं व्हायचं. तिसऱ्या रात्री ते चादरीवरून काहीतरी वेचत बसले. मुंग्या, म्हणाले. चादरीवर मुंगी नव्हती. मग उठून दाराच्या आडोशाला उभे राहिले आणि आमच्याच मुलावर ओरडले, "थम! कौन आता है?" पोरगं पाण्याचा ग्लास घेऊन उभं होतं. वरच्या मजल्यावर आर्मी मेडिकल कोअरमधून पेन्शन आलेले एक काका राहतात, नर्सिंग असिस्टंट होते. ते धावत खाली आले. एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आत्ताच्या आत्ता मेडिकलला न्या. सकाळची वाट पाहू नका." मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन दिलं, फिट येऊ नये म्हणून औषध दिलं, कितीतरी दिवस ठेवून घेतलं.

हे मी उघड लिहिते आहे ते त्यांना विचारून. त्यांनी पत्र वाचलं आहे. दोन ठिकाणी दुरुस्त्याही सांगितल्या.

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम सुरू होऊ शकतो, ताप चढतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. अशा रोग्याला अशक्तपणा आहे म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून चालत नाही. त्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबर थायमिन जावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. हे मला दवाखान्यात कळलं. त्याआधी इतक्या वर्षांत ना कुठल्या मेळाव्यात कोणी सांगितलं, ना कुठल्या फलकावर वाचलं. मेळाव्यात पेन्शनच्या तक्रारी, पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेची अडचण, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं असतं. हे मात्र कधीच नसतं. आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं. घरच्यांनी माणसाला "आता सुधारतो आहे" म्हणून खोलीत झोपवून ठेवलं. तो उठलाच नाही. त्याची बायको व्हरांड्यात आमच्याबरोबर बसायची.

आता तक्रारी सांगते, एकेक करून.

सगळ्यात आधी दवाखान्याची वाट. माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे, आणि गुडघ्यासाठी, डोळ्यासाठी, हृदयासाठी तिचा फार आधार आहे. हे मी मनापासून म्हणते. पण आम्ही पुढच्या उपचारासाठी रेफरल, म्हणजे रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी, मागायला गेलो तेव्हा एका काउंटरवर, मागे रांग उभी असताना, मोठ्याने विचारण्यात आलं, "दारू सोडायला रेफरल कशाला पाहिजे? सोडायची तर सोडा." हे मान खाली घालून परत निघाले. पुन्हा तिथे यायला तयार नव्हते, आणि त्या महिन्यात ते पुन्हा प्यायले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्ट धरलेल्या आहेत. शारीरिक आजाराच्या रोग्याला जशी वागणूक, तशीच मानसिक आजाराच्या रोग्याला मिळाली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. साखर वाढलेला माणूस दिवाळीत दोन अनारसे जास्त खाऊन आला म्हणून आपण त्याचं इन्सुलिन बंद करत नाही. हा आजारही उलटतो. उलटला की पुन्हा उपचार लागतात.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभराच्या पाहणीचा अहवाल जाहीर केला. दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी होती. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही उपचार मिळाल्याचं आढळलं. हे सगळ्या देशाचं. फौजीचं वेगळं दुखणं असं की त्याला कमकुवत दिसायची भीती वाटते. सेवेत असताना मनाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येईल, प्रमोशन अडेल, हे त्याने अनेक वर्षं पाहिलेलं असतं. ती भीती पेन्शनबरोबर उतरत नाही. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, पण ज्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात तिथे रिक्षातून उतरायला हा माणूस तयार होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, जिथे तो बीपीची गोळी घ्यायला, हयातीचा दाखला द्यायला, कॅन्टीनचं सामान घ्यायला आपल्या पायाने येतो, तिथेच त्याला हा उपचार मिळू द्या. आमच्या सगळ्या मागण्यांचं मूळ एवढंच आहे.

यानंतर खासगी केंद्रं. सरकारी वाट बंद झाली की घरचे तिकडे वळतात. चांगली केंद्रं आहेत. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथून महाराष्ट्रभर माणसं बरी होऊन आली. पण प्रत्येक पाटीमागे तसं काम नसतं. आमच्या बैठकीतल्या, नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एकाला रात्री अकरा वाजता घरातून चार पोरांनी उचलून गाडीत कोंबलं. घरच्यांनी पैसे भरले होते, त्यांना वाटलं असंच करतात. तिथे डॉक्टर नव्हता. पळू नये म्हणून पायात साखळी होती. कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे आणि नोंदणीशिवाय असं केंद्र चालवता येत नाही. ज्या माणसाने सीमेवर पहारा दिला त्याच्या घोट्यावर साखळीचा वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली होती, आणि तो बैठकीला येताना उन्हाळ्यातही मोजे घालून यायचा. नोंदणी असलेल्या केंद्रांची यादी तुमच्या कोणत्याही भिंतीवर नाही. ती लावायला किती खर्च येतो?

पुड्या विकणारे वेगळेच. "नवऱ्याच्या नकळत चहात टाका, आठ दिवसांत दारू सुटते." आमच्या व्हरांड्यात बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला कोणी ना कोणी अशी पुडी दिलेली आहे. काही पुड्यांत डायसल्फिराम असतं. ते खरं औषध आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं. नकळत दिलं आणि वरून तो प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांचा जीव जाऊ शकतो. बायका हे हौसेने करत नाहीत. त्यांच्याशी कोणी बोललेलंच नसतं.

कॅन्टीनबद्दल लिहिताना मला गैरसमज नको आहे. तिथे कार्डावर मिळणारा दारूचा कोटा बंद करा असं आम्ही म्हणत नाही. नीट पिणारा, सणावाराला पिणारा माजी सैनिक कितीतरी आहे आणि त्याचा हक्क काढायचा आम्हाला काही अधिकार नाही. आमचं म्हणणं उपचार घेणाऱ्यापुरतं आहे. त्याने स्वतः लेखी अर्ज केला की माझ्या कार्डावरची दारू बंद ठेवा, तर ती बंद व्हावी आणि त्याने डॉक्टरच्या पत्राशिवाय पुन्हा मागितली तर लगेच सुरू होऊ नये. आज त्याला तेल-साबण घ्यायला त्याच रांगेतून जावं लागतं, आणि मागचा कोणीतरी म्हणतोच, "भाऊ, तुझा कोटा घेऊन ठेव ना, मला दे." सोडलेल्या माणसाच्या हातात अशी बाटली महिन्यातून एकदा जरी येत असेल तरी ते फार आहे.

ज्यांचं नाव कोणत्याच यादीत नाही, अशांबद्दलही लिहायला हवं. दारूमुळे रेड इंक एन्ट्री, म्हणजे सेवेच्या नोंदीत शिक्षेचा लाल शेरा, लागून, पेन्शनची वर्षं भरायच्या आत घरी पाठवलेले. त्यांना पेन्शन नाही. डिस्चार्ज बुकातला शेरा पाहून सिक्युरिटी कंपनी ठेवत नाही. मेळाव्याला ते येत नाहीत, आले तर मागे उभे राहतात. सेवेतच ज्याचा आजार सुरू झाला, त्याला शिस्तभंग म्हणून बाहेर काढलं आणि मग विचारलंसुद्धा नाही. शिस्तीचा प्रश्न फौजेचा आहे, त्यात मी पडत नाही. पण घरी आल्यावर तो या जिल्ह्यातला एक आजारी माणूस आहे, त्याच्या घरी कल्याण संघटकाने एकदा तरी जायला हवं.

आणि अग्निवीर. चार वर्षांसाठी फौजेत भरती करायची ही योजना २०२२ मध्ये आली. त्या वर्षाच्या अखेरीस दाखल होऊ लागलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. मूळ योजनेप्रमाणे जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलं फौजेत राहतील, बाकीची पंचविशीच्या आसपास घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ही आरोग्य योजना नाही, कॅन्टीनही नाही. हातात एकरकमी पैसे, पुढे काय याचा पत्ता नाही. नागपुरात एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाची, पावडर किती सहज मिळते हे पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत तुम्ही वाचताच. आमच्या काळातल्या फौजीला निदान दर महिन्याची पेन्शन होती, तिच्यावर घर चाललं. माझ्या शाळेतून गेलेली दोन मुलं अग्निवीर आहेत. त्यांच्यासाठी आत्ताच काही उभं केलं नाही तर पुढची बैठक आजच्याहून मोठी भरेल.

नागपूरला या कामासाठी माणसं बाहेरून आणावी लागत नाहीत. मेडिकलला मनोविकृतीशास्त्र विभाग आहे, मिहानला एम्स आहे, मनोरुग्णालय आहे. कामठीला १८२१ पासून छावणी आहे, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. या शहराला फौज कळते. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मोफत असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन नंबर दिवस-रात्र मोफत चालतात. सगळं सुटंसुटं आहे. माजी सैनिकाला हाताला धरून तिथपर्यंत नेणारं कोणी नाही, आणि ते काम तुमचं आहे.

आम्हाला पुढील गोष्टी हव्या आहेत.

बुधवारची खोली परत हवी, लेखी परवानगीने. आठवड्यातून एक तास. आलेल्यांची नावं कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिली जाणार नाहीत आणि दारात फोटो काढले जाणार नाहीत. बायका आणि मोठी मुलं यांच्यासाठी शेजारी वेगळी जागा.

माजी सैनिक जिथे नेहमीची औषधं घेतात तिथेच आठवड्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञ बसावा. बाहेर "व्यसनमुक्ती" अशी मोठी पाटी नको. नेहमीच्या ओपीडीच्या नंबरात त्याचाही नंबर लागू द्या.

दारू, गोळ्या किंवा इतर व्यसनाच्या उपचारासाठी रेफरल कधी मिळतो, कोणत्या रुग्णालयात, किती दिवसांसाठी, आणि नाकारलं तर दाद कोणाकडे मागायची, हे मराठीत आणि हिंदीत एका कागदावर लिहून फलकावर लावा. नाकारायचं असेल तर लेखी नाकारा. काउंटरवर बसणाऱ्यांना सांगा की रांगेसमोर असं बोलायचं नाही.

नोंदणी असलेल्या व्यसनमुक्ती केंद्रांची यादी प्रत्येक कार्यालयात, कॅन्टीनमध्ये आणि दवाखान्यात लावा, आणि जिथे माजी सैनिक भरती आहेत त्या केंद्रांना आरोग्य विभागाबरोबर जाऊन भेट द्या. न सांगता जा. सांगून गेलात तर साखळ्या दिसणार नाहीत.

कॅन्टीनमध्ये स्वेच्छेने कोटा बंद ठेवण्याचा अर्ज सुरू करा आणि बिलाच्या खिडकीजवळ हेल्पलाइनचे वरचे दोन नंबर लावा.

पुढच्या मेळाव्यात अर्धा तास या विषयाला द्या. एकदम दारू बंद केल्यावर काय होतं, कोणत्या लक्षणांवर रुग्णालयात पळायचं, एवढं तरी डॉक्टरांनी सांगावं. बायकांना पुढच्या रांगेत बसवा, कारण रात्री दोन वाजता रिक्षा शोधायची वेळ त्यांच्यावर येते.

आणि यातली कोणतीही गोष्ट देताना पेन्शन आहे का, डिस्चार्ज बुकात शेरा काय आहे, अग्निवीर होता की नियमित, हे विचारू नका. वर्दी घातली होती एवढं पुरे. योजनेचे नियम दिल्लीत ठरतात हे आम्हाला माहीत आहे. पण खोली, फलक, यादी, मेळाव्यातला अर्धा तास आणि घरभेट यांतलं काहीही दिल्लीला विचारावं लागत नाही.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. तुमच्यातल्या काही जणांनी स्वतः सोडलेली आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ते कोणाला सांगायला भाग पाडणं आमच्या मनातही नाही. पण निदान खोलीच्या बाजूने तरी उभे राहा. एखाद्या सुबेदार मेजर साहेबांनी बुधवारी येऊन नुसतं मागे बसलं तरी नव्याने आलेल्या शिपायाची मान वर होते. हे एकदा घडलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी जो पहिल्यांदा आला होता तो आज दुसऱ्यांना घ्यायला स्कूटर घेऊन जातो.

७ डिसेंबरला ध्वजदिन आहे. त्याच्या आत आम्हाला लेखी उत्तर मिळावं. वर्गात पैसे गोळा करताना मुलांना काय सांगायचं ते मी त्या उत्तरावरून ठरवीन. तोपर्यंत बैठक आमच्या अंगणात चालू आहे, त्याच वाराला, त्याच वेळेला. कोणाला यायचं असेल त्याला या भागातला कोणताही जुना फौजी घर दाखवील.

माझं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण बैठकीत येणाऱ्या बाकीच्यांची ओळख त्यावरून उघडी पडेल. नाव, पत्ता आणि सहीची प्रत संबंधित कार्यालयांच्या आवकमध्ये दिली आहे.

आपली,
एका माजी हवालदाराची पत्नी
कामठी, जि. नागपूर